भरलेली काहील

आसरवाडीत दुधनेचं पाणी समोरून कधी आलं नाही. ते ओढ्यातून, मागच्या बाजूनं यायचं. गावठाण उंचावर, बौद्धवाडा खाली नदीकडे, आणि दोघांच्या मधून हा ओढा. उन्हाळ्यात त्यात शेरडं चरायची. पण वरच्या अंगाला, परतुराकडे मोठा पाऊस झाला की दुधना फुगायची आणि तिचं पाणी ओढ्याच्या तोंडातून उलटं आत शिरायचं. धारेचा आवाज नसायचा. पालापाचोळा वर घेत, शांतपणे, पाणी मागं मागं सरकत यायचं. तासा-दोन तासांत ओढा भरायचा आणि बौद्धवाड्याचं बेट व्हायचं. एका बाजूला नदी, दुसरीकडे ओढा, आणि उरलेल्या दोन्ही अंगांना पाण्याखाली जाणारी सखल रानं.

हे गावात सगळ्यांत चांगलं माहीत होतं ते चंद्रभान कोतवालाला. त्याचं घर वाड्यात, काम गावात. दिवसातून दहा वेळा तो ओढा ओलांडायचा. ओढ्यात पाय ठेवायला नऊ दगड मांडलेले होते. पुराच्या दिवसांत त्याची नजर पाचव्या दगडावर असायची. पाचवा बुडाला की वाड्यात कुणी थांबू नये, हे त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं.

छप्पन्न साली वाड्यानं दीक्षा घेतली. त्यानंतर मेलेली ढोरं ओढणं, पाटलाच्या दारात जोहार घालणं, हलगी वाजवणं, सगळं सुटलं. चंद्रभान तेव्हा तिशीतला होता. पुढं त्यानं सरकारी कोतवालाची नोकरी धरली. खाकी सदरा आणि कचेरीत हजेरी. दवंडी द्यायची झाली तर तो हलगी हातात धरत नसे, रॉकेलचा रिकामा डबा वाजवायचा. गावातले जुने लोक हसायचे. "हलगी सुटली अन् डबा लागला," म्हणायचे. चंद्रभान डबा वाजवत पुढं जायचा. डबा त्याचा स्वतःचा होता, एवढं त्याला पुरे होतं.

त्र्याहत्तर साली, दुष्काळ सरला त्याच पावसाळ्यात, ओढ्याच्या पाण्यानं वाड्यातली चार घरं बसली. माणूस दगावलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तालुक्याहून तहसीलदार आले आणि मारुतीच्या पारावर बैठक झाली. तहसीलदार तरुण होते, मनापासून बोलत होते. पूर म्हणजे एकट्या सरकारचं काम नाही, असं ते म्हणाले. सरकारनं खबर द्यायची, गावानं तयारीत राहायचं, ज्याच्या त्याच्या वाट्याचं काम ज्यानं त्यानं करायचं. मग तलाठी दिनकररावांनी कागदावर वाटणी लिहिली. नदीकाठी एक खांब रोवायचा, त्यावर पांढरा, पिवळा आणि लाल असे पट्टे मारायचे. वरच्या पाण्याची खबर कचेरीनं पाठवायची. पाणी लाल पट्ट्याला लागलं की पोलीस पाटील व्यंकटराव यांनी हुकूम द्यायचा, कोतवालानं डबा वाजवायचा. वाड्यातल्या लोकांनी डबा ऐकताच उठून शाळेत यायचं. आणि बागायतदार दत्तराव यांनी आपली गूळ रांधायची काहील मृगापासून पाऊस सरेपर्यंत ओढ्याच्या काठी ठेवायची. पाच हात रुंदीची ती लोखंडी काहील पाण्यावर होडीसारखी तरंगते, हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही.

दत्तराव लगेच कबूल झाले. सगळेच कबूल झाले.

लाल पट्टा कुठं मारायचा, हा प्रश्न आला तेव्हा म्हाताऱ्यांनी सांगितलं, "मारुतीच्या पायरीला पाणी लागतं तवा खरा पूर." तहसीलदारांसोबत आलेल्या ओव्हरसियरनं पातळी मोजायची दुर्बीण लावली आणि त्या पायरीची पातळी खांबावर नेली. मोजायची पट्टी नदीकाठी धरून उभा होता चंद्रभान. मारुतीच्या पायरीला पाणी लागेल तेव्हा वाड्यातली छपरंही बुडालेली असतील, हे त्याला तिथं उभ्याउभ्या दिसत होतं. त्याची जीभ हललीसुद्धा. पण पारावर सतरंजीवर बसलेल्यांत तो नव्हता, पट्टी धरणाऱ्यांत होता. "सरळ धर रे," ओव्हरसियर ओरडला. त्यानं पट्टी सरळ धरली.

पहिल्या पावसाळ्यात त्यानं एकदा धाडस केलं. पाणी पिवळ्यालाच होतं, पण पाचवा दगड बुडायला आला, म्हणून त्यानं कुणाला न विचारता डबा वाजवला. सगळा वाडा पोरंबाळं घेऊन शाळेत आला. पाणी तिथंच थांबलं आणि सकाळपर्यंत उतरलं. शाळेत चिखल झाला, मुलांचा एक दिवस बुडाला. व्यंकटराव पाटलांनी त्याला चारचौघांत विचारलं, "चंद्रभान, तुला पट्टे दिसतेत का न्हाई? का नजर गेली?"

"दिसतेत, पाटील."

"मग लाल लागल्याबगर डबा वाजवायचा न्हाई. कागदावर काय लिव्हलंय? हुकूम माझा, डबा तुझा."

वाड्यातल्या बायकांनीही त्याला सोडलं नाही. "कोतवालानं आमाला रातभर डासाला खाऊ घातलं," म्हणत त्या पाणवठ्यावर महिनाभर हसत होत्या.

त्याच्या पुढच्या साली, म्हणजे पंच्याहत्तरच्या श्रावणात, ही गोष्ट घडली.

सकाळी ऊन पडलं होतं. आसरवाडीत चार दिवस पावसाचा थेंब नव्हता. गावात सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन आणि गावजेवण. वाड्यातली धडधाकट माणसं मूग तोडायला देवगाव फाट्याच्या अंगाला गेली होती. मागं म्हातारी माणसं, लेकरं आणि लेकुरवाळ्या बाया, अशी अंगावरची तान्ही सोडून चौदा जणं होती. त्यात चंद्रभानची बायको कडूबाई होती आणि बाळंतपणाला माहेरी आलेली लेक गीताबाई होती. गीताबाईला नववा लागला होता. पाय सुजले होते. उंबरा ओलांडायचा तरी ती भिंतीला हात लावायची.

चंद्रभान खांबाकडे गेला तेव्हा पाणी गढूळ होऊन पिवळ्याच्या खालच्या कडेला टेकलं होतं. कचेरीची खबर आलेली नव्हती. तारेचे खांब दोन दिवसांपासून कुठंतरी पडले होते, हे नंतर कळलं. तो तसाच ओढ्याकडे वळला. पाणी उलटं आत येत होतं. चौथा दगड दिसत होता. पाचव्याच्या माथ्यावरून पाणी सरकत होतं.

तो घरी धावला.

"गीताची माय, ऊठ. पोरीला घिऊन शाळंत चल. समद्यायला सांग."

कडूबाई चुलीपुढून उठली, बाहेर येऊन तिनं आभाळाकडं पाहिलं आणि मग नवऱ्याकडं. ती वाड्याची सुईण होती. लोक चंद्रभानपेक्षा तिचं जास्त ऐकायचे.

"आवं, ऊन पडलंय की लख्ख. पट्टा लाल लागला का?"

"पट्ट्याचं सोड. पाचवा बुडाला."

तिनं ओढ्याकडं पाहिलं. पाचव्याचा अर्थ तिलाही माहीत होता. मग म्हणाली, "मागच्या साली नेलं अन् समद्यानं आपल्याला नावं ठिवली. तुमच्या एकट्याच्या बोलन्यावर कोन हालंल? त्या आंधळ्या सटवाजीमामाला कोन उचलंल? तुमी डबा वाजवा. सरकारी डबा वाजला की समदे निघतेत. म्या पोरीला तयार करते."

"पाटलाला इचारून येतो."

"इचारा, पर लवकर या."

डबा घरातच खुंटीला होता. त्यानं तो काढून हातात घेतला आणि न वाजवता गावात गेला.

पारावर कीर्तन रंगात आलं होतं. मंडपामागं चर खणून त्यावर काहील चढवली होती आणि तिच्यात गव्हाची खीर रटरटत होती. दत्तरावांची काहील. चंद्रभान तिच्याकडं पाहतच राहिला. वाटणीच्या कागदावर ती मृगापासून ओढ्याकाठी असायला हवी होती, आणि होतीही. चार दिवसांपूर्वी आठ जणांनी ती उचलून इथं आणली. दर सालीच आणतात. बैठक उन्हाळ्यात झाली, तेव्हा श्रावणातला सप्ताह कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. चार दिवस ओढ्याकाठची मोकळी जागा त्यानं स्वतः जाता-येता पाहिली होती, पण ती त्याला मोकळी वाटली नव्हती. सप्ताह आहे, काहील देवळात असणारच.

व्यंकटराव पाटील टाळकऱ्यांच्या मागं बसले होते. चंद्रभान वाकून त्यांच्या कानाशी गेला.

"पाटील, ओढ्याला पानी चढायलंय. डबा वाजवू का?"

"लाल लागला?"

"न्हाई. पिवळ्याला हाय. पर पाचवा दगड..."

"कीर्तन चाललंय, चंद्रभान. लाल लागला की ये."

पाटील वाईट माणूस नव्हते. मागच्या साली शाळेचा चिखल त्यांनी पदरच्या गड्यांकडून धुवून घेतला होता. पण त्यांच्याजवळ एक कागद होता आणि त्यात लाल असं लिहिलं होतं.

चंद्रभान पुन्हा खांबाकडं पळाला. पिवळा अर्धा बुडाला होता. लाल अजून कितीतरी वर, कोरडा, उन्हात चमकत होता. तो त्या लाल पट्ट्याकडं बघत उभा राहिला. पाणी वर यावं असं त्या क्षणी त्याला वाटलं, आणि आपल्याला काय वाटलं हे कळताच त्यानं खांबाकडं पाठ फिरवली.

तो ओढ्याकडं परतला तेव्हा दगड एकही दिसत नव्हता. साठ-सत्तर हात रुंद पाणी पसरलं होतं आणि आता त्याला ओढही लागली होती. पलीकडे वाड्याच्या पहिल्या घरात पाणी शिरलेलं होतं. आता त्यानं डबा वाजवला. लाकडाच्या दांडक्यानं, जीव खाऊन, डबा चेपेपर्यंत. पलीकडून हाका आल्या. माणसं विहाराच्या माळवदावर, सपाट छतावर, चढत होती. एका खोलीचा तो विहार वाड्यात सगळ्यांत उंच होता. भिंती मात्र पांढऱ्या मातीच्या, छत मातीचं. अशी भिंत पावसाला टिकते. साचलेल्या पाण्यात ती पायापासून विरघळते, आणि वर माणसांचा भार असेल तर फार वेळ लागत नाही.

कडूबाईनं गीताबाईला शिडीवरून वर चढवलं, तेव्हा तो इकडून बघत होता.

"काहील आना!" ती दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडली. "काहील!"

तो मारुतीकडं धावला, तेव्हा कीर्तन संपलं होतं आणि पहिली पंगत बसली होती. पत्रावळी मांडून झाल्या होत्या. लेकरं पुढं सरकून बसली होती. तो ओरडतच मंडपात शिरला.

"पाटील, वाडा येढला! समदे इहाराच्या माळवदावर हायेत. माझी गीता हाय तिथं. काहील पायजे, मालक, काहील द्या!"

गलका झाला. पंगतीतली माणसं उठली. दत्तराव आचाऱ्यांच्या बाजूनं धावत आले. त्यांनी वाद घातला नाही, हे सांगितलं पाहिजे. ते एवढंच म्हणाले, "काढा खीर. बादल्या आना, घागरी आना. काढा पटापटा."

आणि माणसं खीर काढू लागली.

काहील काठोकाठ भरलेली होती. साऱ्या गावाला दोन पंगती पुरेल एवढी खीर. वाढायच्या बादल्या होत्या चार. त्या क्षणात भरल्या. मग बाया घराघरातून घागरी, पातेली, कळशा आणायला पळाल्या. खीर घट्ट आणि उकळती, पळ्या जड. माणसं वाफेत तोंडं वळवून काढत होती. कुणी ती जमिनीवर ओतत नव्हतं. कुणाच्या मनातही ते येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात याच माणसांनी खडी फोडायच्या कामावर लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या, सुकडीच्या मुठीसाठी लेकरं रांगेत उभी केली होती. अन्न सांडणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं. घाई तर सगळ्यांनाच होती. घाईघाईनं, पण एक थेंब न सांडता, ते काहील रिकामी करत होते.

चंद्रभाननं एका पळीला हात घातला.

"तू नको, चंद्रभान," आचारी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आमी काढतो. तू सर जरा."

तो सरला. काहिलीपासून दोन हातांवर उभा राहिला. आणि तेव्हा त्याच्या मनात ते आलं.

आपण हात घातला तर? काहिलीच्या काठावर हात ठेवून नुसता कोपरापर्यंत बुडवला तर? भाजेल. भाजू दे. पण मग ही खीर कुणी खाणार नाही. मग ती काढून ठेवायचं कारण उरणार नाही. आठ जण काहील उचलून आडवी करतील आणि ती अर्ध्या मिनिटात रिकामी होईल. शिव्या घालतील, मारतीलही. पण काहील ओढ्यावर जाईल.

तो एक पाऊल पुढं आला. हात अर्धा उचललेला होता.

समोर पंगतीच्या कडेला दत्तरावांच्या सालगड्याची, सितारामची, दोन लेकरं रिकाम्या पत्रावळीपुढं बसली होती. ती खिरीकडं बघत होती. आणि दुसरीही एक गोष्ट होती, जी त्याला नंतर वर्षानुवर्षं कुणाला सांगता आली नाही. आपल्या हातानं अन्न बाटतं, हे खोटं आहे, असं म्हणून तो वीस वर्षं जगला होता. मुलीला त्यानं तेच शिकवलं होतं. तेच आता स्वतः होऊन खरं करायचं?

हात खाली आला. तो उभा राहिला आणि बादल्या भरताना बघत राहिला.

"आवरा, आवरा रे बाबांनो," एवढंच तो म्हणत होता. "भिती मातीच्या हायेत."

पाऊण तास गेला.

काहील निघाली तेव्हा सितारामनं तिच्यात भिजवलेली पोती अंथरली, कारण लोखंड तापलेलं होतं. कड्यांमधून वासे घालून आठ जणांनी ती उचलली. चंद्रभान पुढच्या वाशाला होता. इथं त्याला कुणी सर म्हणालं नाही. ओढ्यावर आले तेव्हा वाड्यातली छपरं तेवढी वर दिसत होती. विहाराच्या दारातून पाणी आरपार वाहत होतं. मोटेचा सोल, जाड दोर, कडीला बांधला. सिताराम आणि आणखी एक पट्टीचा पोहणारा, तरंगायला वाळके भोपळे कमरेला लावून, काहील ढकलत निघाले. काठावर व्यंकटराव पाटील स्वतः सोल धरून उभे होते. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, ओठ पांढरे पडलेले. चंद्रभानला पोहता येत नव्हतं. तो पाटलांच्या मागं तोच सोल धरून उभा राहिला.

पहिल्या खेपेत गीताबाईला उतरवली. कडूबाईनं तिला बगलेत धरून काहिलीत बसवलं, दोन लहानगी तिच्यापुढं दिली आणि एक म्हातारी.

"माय, तू पन ये!" गीताबाईचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला.

"अगं, चारच मावतेत. लेकरं आधी. जा तू, गप जा. पोटाला धर."

काहील मध्यावर गरगर फिरली. सितारामनं शिवी हासडून ती सरळ केली. काठाला लागली. गीताबाईला बायांनी उचललं. ती बापाकडं न बघता मागं, माळवदाकडं बघत होती.

दुसऱ्या खेपेत चार लेकरं आली. सितारामला धाप लागली होती. "पाटील, खालून ओढ वाढली," तो म्हणाला. "भिंतीची माती सुटायलीय. पानी पांढुरकं दिसतंय तिथं."

"आता थांबू नगं, हाल!" पाटील ओरडले. मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, खालच्या आवाजात म्हणाले, "जा बाबा सिताराम. पाया पडतो तुझ्या."

तिसऱ्या खेपेला तीन लेकुरवाळ्या बाया, अंगावरची तान्ही पोटाशी बांधून, काहिलीत बसल्या. माळवदावर तिघं उरली. आंधळे सटवाजीमामा, शेजारची कमलबाई आणि कडूबाई. काहील निघाली तशी कडूबाई सटवाजीमामाचा हात धरून मधोमध बसली. काठावर भार देऊ नये, हे तिला कळत होतं. चंद्रभानला ती एवढीशी दिसत होती. तिनं हात वर केला. तो त्याला होता की काहिलीला, कळलं नाही.

काहील काठाला टेकली. बाया उतरत होत्या. मागून धप्प असा आवाज आला, फार मोठा नाही. विहाराचं माळवद एका अंगानं खाली बसलं, बैल बसतो तसं, आधी पुढचे गुडघे, मग सगळं. धूळ उडाली नाही. पाणी एकदा उंच उठलं आणि सपाट झालं.

चंद्रभाननं सोल सोडला आणि पाण्यात उतरला. छातीएवढ्या पाण्यात त्याला पाटलांनी आणि दत्तरावांनी धरून मागं ओढलं.

गाव त्या दिवशी जेवलं नाही. घराघरात घागरी-बादल्या भरून खीर होती. ती तशीच आंबली.

संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. सटवाजीमामा आणि कमलबाई विहाराच्या मातीतच सापडले. कडूबाई सापडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या खोलीत गीताबाई बाळंत झाली. मुलगी झाली. दत्तरावांची आई कस्तुराबाई आणि वाड्यातली एक म्हातारी अशा दोघींनी मिळून तिला सोडवलं. 

तिसऱ्या दिवशी जीप आली. तेच तरुण तहसीलदार. ते आधी ओढ्यावर जाऊन एकटेच उभे राहिले, मग पारावर येऊन बसले. तलाठी दिनकररावांनी पंचनाम्याचा कागद मांडीवर घेतला.

"पाणी लाल पट्ट्याला किती वाजता लागलं?" त्यांनी विचारलं.

व्यंकटराव खाली बघत होते. कुणीतरी म्हणालं, "धा-साडेधा झाले असतील."

"मग इशारा साडेदहाला दिला, असं लिहितो. चंद्रभान, बरोबर?"

चंद्रभान पाराच्या खाली उभा होता. तीन दिवस तो नदीकाठानं खाली-वर हिंडत होता. पायाला काटे मोडले होते.

"लागलंच न्हाई," तो म्हणाला.

"काय लागलं नाही?"

"लाल. पानी लालला लागलंच न्हाई, सायब. पिवळ्यावरच थांबलं. जाऊन बघा, खांबावर चिखल कुठवर हाय ते."

दिनकररावांचा हात थांबला. "अरे, मग हा पूरच नाही ठरत. कागदावर धोक्याची पातळी आलीच नाही, असं होतं. वाड्याला पत्रे, धान्य कशाच्या आधारावर द्यायचं? समजून घे. लाल लागला लिहू, इशारा दिला लिहू. सगळ्यांचंच भलं आहे."

"इशारा दिला लिव्हलं तर, वाड्यानं ऐकलं न्हाई, असं हुतंय," चंद्रभान म्हणाला. "माझ्या बायकूनं ऐकलं न्हाई, असं हुतंय. ती तयार हुती, सायब. पट्टा आमच्यासाठी न्हवताच. आमचा पट्टा ओढ्यात पाचव्या दगडाला हाय."

 तहसीलदारांनी दिनकररावांच्या हातून कागद काढून घेतला.

"हे तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी हळू विचारलं. "मग बैठकीत का बोलला नाहीत? पट्टी तर तुम्हीच धरली होती."

 कुणी विचारलं नाही, हे खरं होतं. विचारल्यावाचून बोलू नये म्हणून कुणी तोंड धरलं नव्हतं, हेही खरं होतं.

"माझं चुकलं," व्यंकटराव पाटील मध्येच म्हणाले. "तो आला हुता माझ्याकडं. ते बी लिवा."

"काहील माझ्याकडं हुती," दत्तराव म्हणाले.

तहसीलदारांनी लिहून घेतलं. त्या कागदाचं पुढं काय झालं, ते आसरवाडीला कधी कळलं नाही. पत्रे आले, धान्य आलं. खांबावरचा पट्टा बदलायला मात्र पुढची दोन सालं कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस पाटलांनीच चुन्याचा डबा देऊन चंद्रभानला ओढ्यात पाठवलं.

पण ते पुढचं. त्या दिवशी जीप जायच्या आधीच सिताराम सांगत आला. अर्ध्या कोसावर, बाभळीच्या झुडपात, कडूबाई सापडली होती.

तिला माती देऊन चंद्रभान शाळेत आला, तेव्हा दिवस कलला होता. गीताबाई भिंतीला टेकून बसली होती. तान्ही मांडीवर झोपलेली. तो दारातच बसला, आत गेला नाही. 

"बा," गीताबाई म्हणाली. "सकाळी तू आलास तवाच तुला ठावं हुतं ना, पानी येनार हाय ते?"

"हुतं."

"डबा हातात घिऊन गेलास. म्या बघितलं. तू ओढा उतरून जास्तवर बघत हुते म्या. मायनं पोरायला गोळा केलं हुतं. म्हने, आता वाजंल, आता वाजंल. सटवाजीमामाच्या पायात तिनं वहाना बी घातल्या." ती थांबली. "कामून वाजवला न्हाईस, बा?"

तो पाटलाचं नाव सांगू शकला असता. कागदाचं, पट्ट्याचं, मागच्या सालच्या हसण्याचं. त्या तीन दिवसांत हे सगळं त्यानं मनात शंभर वेळा बोलून पाहिलं होतं.

"भेलो," तो म्हणाला.

गीताबाईनं मान वळवली. तान्ही जागी होऊन रडू लागली. तिला छातीशी घ्यायला गीताबाईला थोडा वेळ लागला. चंद्रभान उंबऱ्यावर तसाच बसून राहिला. जा असं ती म्हणाली नाही, ये असंही म्हणाली नाही.